विद्यापीठाचें दार

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेलें हें विद्यापीठ प्रथम स्वतः शिकवीत नसे. परीक्षा घ्यावी व पदवी द्यावी, एवढेंच त्याचें काम. अभ्यास, वसतिगृहांतील राहणी व खेळ हें सर्व कॉलेजांत चाले. म्हणून विद्यार्थिजीवनाच्या परंपराही तेथेंच वाढल्या. १८६२ सालीं पहिले बी. ए. झाले ते अवघे चार. त्यांत आपल्याच जिल्ह्यांतील निफाड येथें जन्मलेले महादेव गोविंद रानडे हे एक होत.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत लोकमान्य टिळकांनीं पहिलें वर्ष बहुतेक तालमींत व पोहण्यांत घालवून शरीर कमावलें, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. बुद्धीबरोबर बळही वाढवावें, ही तेथील राहणीची शिकवण आम्हांस मोलाची वाटते.

परंतु प्रत्येक परंपरा आदरास पात्र असतेच असें नाहीं. विद्यापीठानें १८८३ सालीं स्त्रियांस प्रवेश मोकळा केला, तरी जुनी संवय नियमाबरोबर बदलली नाहीं. १८६६ सालीं आपल्या नाशकांत जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी याच डेक्कन कॉलेजांत शिकूं लागल्या, तेव्हां कांहीं विद्यार्थी वर्गाचें दार त्यांच्या तोंडावर लावून घेत. तरीही त्या पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होऊन मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति केवळ स्त्री म्हणून त्यांस नाकारण्यांत आली. तेव्हां हितचिंतकांनीं वर्गणी जमविली व १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डास गेल्या. तेथें १८९२ सालीं खास परवानगीनें त्यांनीं कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र हातीं पडली ती १९२२ सालीं, म्हणजे तीस वर्षांनीं!

आतां दारें लोटणारे ते विद्यार्थी कोण, हें कोणास ठाऊक नाहीं. ज्यांच्यावर तीं लोटलीं, त्यांचें नांव मात्र राहिलें.

नाशकांत १९२४ सालीं कॉलेज निघालें. आज तेथें मुलगे व मुली एकत्र शिकतात. मुलगा व मुलगी यांपैकीं एकाचेंच शिक्षण परवडेल असें वाटून ज्या घरीं मुलीची पुस्तकें बांधून ठेवण्याचा विचार चालतो, त्या पालकांस आमची एवढीच विनंति कीं, त्यांनीं घटकाभर त्या बंद दारापुढें उभ्या असलेल्या मुलीचें स्मरण करावें. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही कॉलेजांत जाल तेव्हां परंपरा अवश्य पाळा. पण आपल्यामागून कोणी येत आहे काय, हें पाहून मगच दार लावा.