पिल्लांचे जंत : एका डोसावर थांबू नका



निवृत्तीनंतर आमच्या जिन्याखाली एक भटकी कुत्री व्यायली. पाच पिल्लं. महिन्याची झाली तेव्हा त्यांची पोटं टम्म फुगलेली. मी जंताचं औषध पाजलं. दुसऱ्या दिवशी शेवयांसारखे पांढरे जंत पडले. काम फत्ते, असं समजून बाटली ठेवून दिली. तीन आठवड्यांत पोटं पुन्हा फुगली आणि सगळ्यांत अशक्त पिल्लू गेलं. औषध बरोबर होतं. मी मध्येच थांबलो, ती चूक.

असं का होतं, ते समजून घ्या. गोल जंतांच्या अळ्या आईच्या शरीरात सुप्त पडून असतात. कुत्री गाभण असताना, शेवटच्या काही आठवड्यांत त्या जाग्या होतात आणि वारेतून पिल्लांत उतरतात. पुढे दुधातूनही जातात. पिल्लाच्या यकृतातून, फुप्फुसातून फिरत त्या घशात येतात, गिळल्या जातात आणि आतड्यात वाढतात. नेहमीचं औषध आतड्यातले जंत मारतं, वाटेवरच्या अळ्या वाचतात. थोड्याच दिवसांत त्या आतड्यात हजर!

म्हणून तारखा कॅलेंडरवर लिहा : वय २, ४, ६ आणि ८ आठवडे. मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा. आईलाही पिल्लांबरोबरच औषध द्या. इतक्या लहान वयात डॉक्टर बहुधा पायरँटेल देतात. फेनबेंडाझोल दिलं, तर ते सहसा सलग तीन दिवस असतं. दर वेळी पिल्लाचं वजन करा, स्वयंपाकघरातला काटा चालतो. मात्रा डॉक्टरांकडून वजनावर ठरवून घ्या, अंदाजाने नको. पिल्लू मलूल असेल, उलट्या होत असतील, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, तर घरी औषध न देता थेट दवाखाना गाठा. जंतांच्या गुंत्याने आतडं अडू शकतं.

शेवटचं, घरातल्या मुलांसाठी. विष्ठेतली अंडी संसर्गक्षम व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मग ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मातीचे हात तोंडात गेले, तर अळ्या मुलांच्या यकृतात, क्वचित डोळ्यातही पोहोचतात आणि नजर जाऊ शकते. तेव्हा विष्ठा रोजच्या रोज उचला आणि पिल्लांशी खेळून झालं की मुलांना साबणाने हात धुवायला लावा.

पहिला डोस दिलात? पुढची तारीख आत्ताच लिहून ठेवा.