हजार प्रतींची आवृत्ती

मराठी पुस्तकव्यवहाराने दीर्घकाळ एकाच मापाने सगळे मोजले: हजार प्रतींची आवृत्ती. कादंबरी असो, चरित्र असो की प्रवासवर्णन, पहिली आवृत्ती हजारांची. कवितासंग्रह तेवढा पाचशेवर थांबे. ‘पुस्तकाची आवृत्ती संपली’ म्हणजे हजार घरांत किंवा हजार कपाटांत ते पोचले, असा त्याचा अर्थ. पुस्तकाची किंमत, लेखकाचे मानधन, विक्रेत्याची सवलत, गोदामाची जागा हे सारे हिशेब या आकड्याभोवती बसलेले असत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे माप मोडले, आणि त्याबरोबर हा धंदाही आतून बदलला.

हा आकडा आला कागदावरून. पुस्तक सुटे पान धरून छापत नाहीत, सोळा पृष्ठांचा एक फॉर्म धरून छापतात. 20 बाय 30 इंचांच्या डबल क्राउन तावातून क्राउन आकाराची सोळा पाने निघतात. दोन्ही बाजू धरल्या तर बत्तीस पृष्ठे. म्हणजे एका तावात एका फॉर्मच्या दोन प्रती. रीममध्ये ताव पाचशे. एक फॉर्म, एक रीम, हजार प्रती असा हा सरळ हिशेब आहे आणि तो डेमी आकारालाही लागू पडतो. 160 पृष्ठांच्या कादंबरीला दहा रीम कागद लागणार, हे प्रकाशक हस्तलिखिताची पाने मोजतानाच सांगू शके. छपाईत नासणारा कागद आणि अभिप्रायासाठी द्यायच्या प्रती लक्षात घेऊन अनेकजण अकराशे छापत.

दुसरे कारण खिळ्यांचे. जुळारी लाकडी घरांमधून एकेक खिळा उचलून ओळ जुळवी. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांचे प्रकार काही शेकड्यांत जातात, त्यामुळे रोमन लिपीपेक्षा हे काम कितीतरी किचकट. कोणत्याही छापखान्याकडे अख्खे पुस्तक जुळवून ठेवण्याइतके खिळे नसत. दोन-तीन फॉर्म जुळवायचे, मुद्रिते तपासायची, छापायचे, मग तेच खिळे सोडवून पुन्हा आपापल्या घरांत टाकायचे आणि पुढचा मजकूर घ्यायचा. दुसरी आवृत्ती काढायची तर सगळी जुळणी पहिल्यापासून. त्यामुळे ‘आधी शंभर छापू, खपले तर आणखी काढू’ हा मार्गच नव्हता. जे काही छापायचे ते एकदाच, आणि पुढची दोन-चार वर्षे पुरेल एवढे.

मराठी मुद्रणाने हे माप एका दिवसात गाठले नाही. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमध्ये छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाछापावर पंचांग काढले आणि पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जे रूप दिले, ते अनेक पिढ्यांच्या डोळ्यांत बसले. छापणे साधले, तरी छापलेले खपेना. 1878 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले, तेही ग्रंथप्रसाराला चालना मिळावी म्हणून. आजच्या साहित्य संमेलनाचे मूळ तिथे आहे. त्यामुळे संमेलनाच्या मांडवाइतकीच गर्दी ग्रंथप्रदर्शनात दिसते, यात आश्चर्य नाही.

छापण्याचा खर्च आज आणि विक्रीचे पैसे दोन वर्षांनी, ही या धंद्याची जुनी अडचण. मराठी प्रकाशनाचा इतिहास म्हणजे या मधल्या काळाचा भार कोणी उचलायचा, याचाच इतिहास आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी भाग विकून मर्यादित कंपनी उभी केली, ग्राहक आगाऊ नोंदवले आणि 1920 ते 1929 या काळात तेवीस खंड पुरे केले. प्रकाशनपूर्व सवलतीची जी प्रथा पुढे कोशांना, समग्र वाङ्मयाला आणि जाडजूड चरित्रांना आधार देत आली, तिचे हे ठळक उदाहरण. वाचकाने पुस्तक निघण्याआधी पैसे भरायचे आणि कमी किमतीत घ्यायचे, एवढीच ही योजना; पण तिने प्रकाशकाला सावकाराच्या दारातून वाचवले.

1970च्या दशकात ‘ग्रंथाली’ने हीच कल्पना चळवळीच्या रूपात आणली. सभासद आधी, पुस्तके मागून. त्याचा परिणाम नुसत्या विक्रीपुरता राहिला नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ 1980 मध्ये ग्रंथालीने काढले. दुकानदार अशा पुस्तकांच्या किती प्रती मागवील, या प्रश्नावर त्यांचे प्रकाशन अडून राहिले नाही, कारण वाचक आधीच जोडलेला होता. विक्रीची रीत बदलली की कोणते पुस्तक निघू शकते हेही बदलते, याचा इतका स्वच्छ दाखला मराठीत दुसरा नाही.

हजारांच्या आवृत्तीचा खरा खांब मात्र सार्वजनिक ग्रंथालय होता. 1967च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर अ, ब, क, ड अशा वर्गांत शासनमान्य ग्रंथालये वाढत गेली आणि त्यांची संख्या काही हजारांत पोचली. अनुदानाचा काही भाग ग्रंथखरेदीवर खर्च करावा लागतो, आणि आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते. त्यामुळे शेवटच्या दोन-तीन महिन्यांत प्रकाशकांच्या आणि वितरकांच्या दारात गठ्ठे बांधण्याची घाई असते. हजारांतल्या चारपाचशे प्रती ग्रंथालयांत जातील, हे गृहीत धरून प्रकाशक नव्या लेखकाला हात घालू शकत. हे मोठे काम होते आणि गावोगावच्या वाचकाला त्याचा फायदा झाला.

पण याच खरेदीने एक खोल दुखणेही लावले. ग्रंथालय किती सवलत मागते, त्यावरून छापील किंमत ठरू लागली. चाळीस-पन्नास टक्के सूट द्यायचीच असेल, तर किंमत आधीच चढवून छापायची. समजा दोनशे रुपयांचे पुस्तक आहे. वितरक आणि विक्रेता मिळून ऐंशी ते शंभर रुपये गेले, दहा टक्के मानधनाचे वीस गेले, उरलेल्या ऐंशी-शंभरात कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, कार्यालय, टपाल आणि न खपलेल्या प्रतींचे नुकसान भागवायचे. दुकानात येऊन खिशातून पैसे देणाऱ्या वाचकाला ही चढी किंमत बोचते, आणि तो ग्रंथालयाचा रस्ता धरतो. फक्त कपाटे भरण्यासाठी घाईने छापलेली, कोणी न मागितलेली पुस्तकेही याच वाटेने निघाली. अनुदानाचा हप्ता लांबला की ग्रंथालय वितरकाचे देणे थांबवते, वितरक प्रकाशकाचे, आणि साखळीच्या टोकाला लेखक मानधनाची वाट पाहत राहतो.

या साखळीला समांतर अशी एक मोठी बाजारपेठ आहे, तिच्याकडे पुस्तकव्यवहारावर लिहिणारे पुरेसे पाहत नाहीत. 6 डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखोंसाठी शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या रांगा लागतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला दीक्षाभूमीवरही तेच दृश्य. दहा-वीस रुपयांच्या पुस्तिकेपासून बाबासाहेबांच्या भाषण-लेखनाच्या शासकीय खंडांपर्यंत सारे तिथे असते. हे खंड 1979 पासून निघू लागले, आणि एखादा खंड उपलब्ध नसला तर त्याची चौकशी प्रत्येक मांडवात होते. रात्रीच्या गाडीने आलेला माणूस परतीच्या भाड्याचे पैसे बाजूला काढून उरलेल्यात पुस्तक निवडतो. ना वितरक, ना उधारी, ना मार्चअखेर. रोखीने घेतलेले हे पुस्तक घरी वाचले जाते आणि वस्तीत फिरते. मराठी माणूस पुस्तक विकत घेत नाही, ही तक्रार करणाऱ्याने या मैदानात एक दिवस उभे राहावे.

स्वस्त पुस्तकांची दुसरी एक पेठ मात्र जवळपास विझली. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा एस. टी. स्थानकांवरच्या आणि रेल्वे फलाटांवरच्या स्टॉलवर, तसेच गल्लीतल्या वाचनालयांत भाड्याने फिरत. दूरचित्रवाणीने त्या वाचकाची संध्याकाळ घेतली, पुढे मोबाइलने प्रवासही घेतला.

तंत्राने माप मोडले ते दोन टप्प्यांत. ऑफसेट छपाई आणि संगणकीय अक्षरजुळणी आली तेव्हा खिळे सोडवण्याचा प्रश्न संपला. संगणकातली फाइल तशीच राहते, दुसरी आवृत्ती काढायला जुळणी पुन्हा करावी लागत नाही. पुढे डिजिटल छपाईने प्लेटही काढून टाकली. आता पहिली प्रत आणि पाचशेवी प्रत यांच्या छपाईखर्चात फारसा फरक पडत नाही. प्रकाशक शंभर-दोनशे प्रती काढतो आणि मागणी पाहून आणखी काढतो. बांधणीही बदलली. पूर्वी बाइंडरच्या कारखान्यात घड्या घातलेले फॉर्म क्रमाने लावून दोऱ्याने शिवत. पुस्तक पुरते उघडले तरी पान सुटत नसे. आता कण्याची कड कापून गरम सरस लावतात. काम मिनिटांत होते, पण गोंद वाळून कडक झाला की वाचनालयाच्या प्रतीची पाने हातात येतात.

जुन्या फाइलींनी एक अनपेक्षित अडचण पुढे आणली. श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींमध्ये अक्षर दिसते त्या क्रमाने साठवले जाई. ‘विकास’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते, म्हणून फाइलीतही ती आधी येते. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, आधी ‘व’ आणि मग वेलांटी. ‘सूर्य’मधल्या रफाराचे याच्या उलट: जुन्या फाइलीत तो ‘य’नंतर, युनिकोडमध्ये आधी. रूपांतर करणारी साधने आहेत, तरी जोडाक्षरे तुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो, आणि चारशे पानांचे पुस्तक ओळ न् ओळ पुन्हा तपासावे लागते. 2016च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तके आली, तेव्हा जुनी यादी तिथे नेण्याआधी हे काम समोर उभे राहिले. ई-पुस्तके मंद गतीने वाढण्यामागे वाचकाच्या सवयीइतकाच या मुद्रितशोधनाचा वाटा आहे. 2017 मध्ये स्टोरीटेल भारतात आले आणि ऐकण्याच्या पुस्तकांनी ही अडचण वळसा घालून ओलांडली: निवेदकाला वेलांटीचा क्रम लागत नाही. स्वयंपाक करताना किंवा लोकलमध्ये उभ्याने पुस्तक ऐकणारा श्रोता त्यामुळे नव्याने मिळाला.

विक्रीचे ठिकाणही सरकले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात आज पाठ्यपुस्तके आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके साहित्याला मागे सारतात. तालुक्याच्या गावी पुस्तकाचे दुकान बहुधा वह्या-दप्तरांवरच चालते. त्या गावच्या वाचकाला बुकगंगासारख्या संकेतस्थळांनी आणि परदेशी कंपन्यांच्या बाजारपेठांनी पहिल्यांदा पूर्ण यादी दाखवली. अमेरिकेतला मराठी माणूसही तिथेच खरेदी करू लागला. प्रकाशक स्वतःच समाजमाध्यमावर मुखपृष्ठ टाकतो, मागणी घेतो आणि टपालाने प्रत पाठवतो. त्याच मोबाइलवर नव्या पुस्तकाची चोरटी पीडीएफ फिरते आणि शंभर-दोनशे प्रतींच्या आवृत्तीला ती फार लागते. दुसरीकडे मोठी प्रदर्शने पुन्हा बळावली आहेत. डिसेंबर 2023 पासून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणाऱ्या पुणे पुस्तक महोत्सवाला तरुण मोठ्या संख्येने येतात.

घरपोच विक्री टपालाच्या दरावर टेकलेली आहे. 18 डिसेंबर 2024 रोजी टपाल खात्याने नोंदणीकृत बुक पोस्ट अचानक बंद केले, आणि स्वस्त पुस्तके पाठवणाऱ्या लहान प्रकाशकांचा हिशेब एका दिवसात कोलमडला: शंभर रुपयांच्या पुस्तकाला तेवढाच पाठवणीखर्च येऊ लागला. 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले. 300 ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये हा त्याचा दर, कर वेगळा. पातळ कवितासंग्रह त्यामुळे पुन्हा टपालात पडू लागला.

आवृत्ती लहान झाली, तसा लेखक-प्रकाशक करारही तपासून घेण्याची वेळ आली आहे. पूर्वी श्रेयपृष्ठावरची आवृत्ती वाचून किती प्रती निघाल्या याचा अंदाज बांधता येई. आता ‘तिसरी आवृत्ती’ म्हणजे तीनशे प्रतीही असू शकतात, आणि मानधनासाठी लेखकाला प्रत्यक्ष छपाईचा आकडा मागावा लागतो. ‘पुस्तक बाजारात उपलब्ध नसल्यास हक्क लेखकाकडे परत’ हे कलमही मागणीनुसार छपाईत निरर्थक ठरते, कारण एकेक प्रत छापता येणारे पुस्तक कधीच संपत नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचे मानले जाते. म्हणून नव्या करारांत मुदत किती, वर्षाकाठी किमान किती प्रती विकल्या गेल्या पाहिजेत, आणि ई-पुस्तक व ध्वनिपुस्तक यांचे हक्क कोणाकडे राहतील, या तीन गोष्टी वेगळ्या ओळींत लिहिलेल्या असाव्या लागतात.