छातीचा ‘फोटो’ : एक शब्द आणि एक निर्णय

पडशाचा जोर ओसरतो, ताप उतरतो. खोकला मात्र रेंगाळतो. अशा वेळी ‘एकदा छातीचा फोटो काढून घ्या’ हा सल्ला कागलमध्ये डॉक्टरांच्या आधी शेजाऱ्यांकडूनच मिळतो. ‘फोटो’ या शब्दामुळे क्ष-किरण चित्र छायाचित्राइतकेच निरुपद्रवी आणि स्वयंस्पष्ट भासते. वस्तुतः ते एका प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्नच नसेल तर उत्तराचा उपयोग काय?

कोविडच्या साथीत याचा प्रत्यय आला. सौम्य आजारातही लोक सीटी स्कॅन करून घेऊ लागले. तेव्हा, मे 2021 मध्ये, दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितले की, लक्षणे नसलेल्यांच्या फुप्फुसांतही डाग दिसतात व ते उपचारांवाचून नाहीसे होतात. अर्थात असे चित्र उपचार बदलीत नाही, चिंता मात्र वाढविते. शिवाय साध्या चित्रात किरणोत्सर्गाची मात्रा सुमारे 0.1 मिलिसीव्हर्ट, तर छातीच्या नेहमीच्या सीटीत 6 ते 7 असते; निसर्गतः माणसास वर्षाकाठी सरासरी 2.4 मिळते.

मग चित्र केव्हा हवे? धाप लागणे, रक्तातील प्राणवायू घटणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त पडणे, वजन घटणे, ही लक्षणे असता विलंब करू नये. साध्या संसर्गानंतरही खोकला दोन-तीन आठवडे टिकू शकतो हे खरे. तथापि आपल्या देशात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्यामुळे दोन आठवड्यांवर टिकलेल्या खोकल्यासाठी थुंकीची तपासणी व छातीचे साधे चित्र करून घेणे इष्ट होय. वृद्ध, धूम्रपान करणारे व मधुमेही यांच्या बाबतीत सावधगिरी अधिक हवी.

येथे भाषेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ‘दम’ हा मूळ फारसी शब्द, अर्थ श्वास. मराठीत ‘दम लागला’ म्हणजे कधी चढ चढल्यावरचा थकवा, तर कधी बसल्या जागी श्वास अपुरा पडणे. ‘दमा’ हा तर स्वतंत्र रोगच. रुग्ण एवढेच म्हणाला, ‘दम लागतोय’, तर त्यातून निर्णय होत नाही. केव्हापासून, काय करताना, पूर्वी असे होत होते काय, हे विचारलेच पाहिजे. आणि रुग्णानेही ते आपण होऊन सांगावे. छातीचे चित्र काढावे की नाही, याचा निर्णय बहुधा या दोन-चार वाक्यांतच दडलेला असतो.