ओगाता केन्झान: तबकावरून कागदावर

जपानी कुंभकार ओगाता केन्झान (१६६३–१७४३) यांनी १६९९ मध्ये क्योटोच्या वायव्येस नारुताकी येथे भट्टी उभारली. ‘केन्झान’ म्हणजे ‘वायव्येचा डोंगर’, आणि भट्टीचे हेच नाव पुढे त्यांचेही झाले. पांढऱ्या मातीचा पातळ लेप दिलेल्या त्यांच्या चौकोनी तबकांवर थोरले बंधू, विख्यात चित्रकार कोरिन, लोहयुक्त तपकिरी रंगाने चित्र काढीत आणि केन्झान शेजारी काव्य लिहीत, त्यामुळे ते तबक जणू कागदच होई. साठी उलटल्यावर एदोस, म्हणजे आजच्या टोकियोस, गेलेले केन्झान चित्रकलेत रमले, हे म्हणूनच अगदी स्वाभाविक वाटते. ‘यात्सुहाशी’ या चित्रात फळ्यांचा पूल आणि निळी आयरिस यांच्या अवतीभवती अक्षरे झुलतात, आणि रेषेत तबकावरचाच मोहक अनघडपणा दिसतो.