वल्ली, एकपात्री प्रयोगातील

एकाच नटाने रंगमंचावर साकारलेली, वागण्याबोलण्यात काही विक्षिप्तपणा असलेली विनोदी व्यक्तिरेखा. तिची पूर्वपीठिका कीर्तन, बहुरूप्याचे सोंग आणि नकला यांत आढळते. आख्यान सांगताना कीर्तनकार एकेका पात्राच्या तोंडचे बोलणे साभिनय करून दाखवितो व पुन्हा निवेदनाकडे वळतो. एकपात्री प्रयोगाने मुख्यतः हेच तंत्र स्वीकारले.

नक्कल आणि वल्ली यांत मात्र मूलभूत फरक आहे. नकलेत परिचित व्यक्तीच्या आवाजाचे व लकबींचे अनुकरण असते. वल्लीच्या विक्षिप्तपणास स्वतःचे एक तर्कशास्त्र असते. इतरांना चमत्कारिक वाटणारे वर्तन तिला सर्वस्वी योग्य वाटते. हे तर्कशास्त्र नटाने आतून स्वीकारले नाही, तर पात्राचे केवळ हसे होते.

मराठीत ‘वल्ली’ हा शब्द या अर्थाने रूढ होण्यास पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांचे व्यक्ति आणि वल्ली हे पुस्तक मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाले. त्यास १९६५ चे साहित्य अकादेमी पारितोषिक लाभले. बटाट्याची चाळ या आपल्या पुस्तकाचा एकपात्री प्रयोग त्यांनी १९६१ पासून सादर केला. त्यातील ‘उपास’ या भागात वजन उतरविण्याचा निश्चय केलेल्या निवेदकास प्रत्येक शेजारी निराळा पदार्थ वर्ज्य करावयास सांगतो. सल्ले परस्परविरोधी असतात. परंतु सांगणाऱ्याचा आत्मविश्वास अढळ असतो. विनोद निर्माण होतो तो या विसंगतीतून. मोडत चाललेल्या सहजीवनाविषयीची हुरहुर अखेरीस या हास्यात मिसळते.

लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) यांनी १९७९ मध्ये रंगमंचावर आणलेल्या वऱ्हाड निघालंय लंडनला या प्रयोगात मराठवाड्यातील एका खेड्यातील वऱ्हाड लग्नासाठी विमानाने लंडनला जाते. देशपांडे वेशांतर न करता बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करीत. आवाजाची पट्टी, नजरेची उंची आणि खांद्यांची ठेवण बदलताच लहान मूल, वृद्ध वा स्त्री प्रेक्षकांस ओळखू येई. तोवर मराठी रंगभूमीवर ग्रामीण बोली पुष्कळदा शहरी प्रेक्षकांच्या थट्टेचा विषय होत असे. येथे मात्र ती बोलणाऱ्यांच्या नजरेतून विमान आणि परदेश हेच चमत्कारिक ठरतात. त्यामुळे प्रेक्षक पात्राला न हसता त्याच्याबरोबर हसतो.

या प्रकाराचे पाश्चात्त्य उदाहरण म्हणून बॅरी हंफ्रीझ (१९३४–२०२३) या ऑस्ट्रेलियन नटाच्या एडना एव्हरेजचा उल्लेख करता येईल. मेलबर्नच्या उपनगरातील ही गृहिणी १९५५ मध्ये प्रथम रंगमंचावर आली. तिच्या बाबतीत वेशभूषेस फार महत्त्व होते आणि ती एकाच नटाशी निगडित राहिली.

नटाच्या देहाशी व आवाजाशी बांधली गेल्याने अशी व्यक्तिरेखा त्याच्यामागे लोप पावण्याचा धोका असतो. छापील संहितेत तिचे विराम आणि हेल उतरत नाहीत. तथापि लक्ष्मण देशपांडे यांच्या निधनानंतर संदीप पाठक यांनी वऱ्हाड निघालंय लंडनला हा प्रयोग पुन्हा रंगमंचावर आणला. लकबींमागील माणूस लेखनात पुरेसा उमटला असेल, तर दुसरा नटही त्याला नव्याने उभा करू शकतो, हे त्यावरून दिसून येते.