कुकर फुटला, दोष कुणाचा?

कुकर फुटला, झाकण छताला आदळले, घरातली बाई भाजली, की कंपनीचे उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘तुम्ही नीट वापरला नाही.’ म्हणजे चटकाही तिलाच आणि ठपकाही तिच्यावरच.

खरे तर चांगल्या कुकरने आपली चूकही सांभाळून घ्यायची असते. डाळीच्या फेसाने शिट्टीचे तोंड बुजले, तर सेफ्टी व्हॉल्व्हने वाफेला वाट करून द्यायला हवी. म्हणूनच १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. तरीही २०२२ मध्ये, प्रमाणित नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन बाजारपेठांना दंड करावा लागला.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष वस्तूने इजा झाली, तर त्यानुसार उत्पादकाकडून भरपाई मागता येते. दोष केवळ बनावटीतला किंवा रचनेतलाच असतो असे नाही. धोक्याची पुरेशी सूचना न देणे हाही दोषच. तेव्हा ‘नीट वापरला नाही’ म्हणणाऱ्यांना विचारा, ‘कसा वापरू नये, हे तुम्ही कुठे सांगितले होते?’

मात्र चुकीचा वापर किंवा फेरफार सिद्ध झाला, तर कंपनी सुटू शकते. म्हणून फुटलेला कुकर भंगारात देऊ नका. झाकण, व्हॉल्व्ह, पावती, माहितीपुस्तिका, डॉक्टरांचे कागद जपून ठेवा. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे दाद लागली नाही, तर दोन वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही.

चटका सोसावा लागला, म्हणून ठपकाही सोसायचा नसतो.