मुंबई हायचे ‘वाढीव’ तेल

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रातील मुंबई हाय क्षेत्रात १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ पासून ते बाहेर येऊ लागले. पुढे बरीच वर्षे देशाच्या तेल-उत्पादनाचा मोठा भार या एकाच क्षेत्राने वाहिला. आता त्याला उतरती कळा लागली आहे. जानेवारी २०२५ मध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने तेथील तंत्रसेवेसाठी ‘बीपी’ या ब्रिटिश कंपनीची दहा वर्षांकरिता निवड केली. पहिली दोन वर्षे ठरावीक शुल्क, त्यानंतर वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नात हिस्सा, असा मोबदला ठरला. प्रश्न एवढाच की, वाढीव म्हणजे कशाहून वाढीव?

कंपनी आली नसती तर किती तेल निघाले असते, हा आकडा कोणत्याही मापावर मोजता येत नाही. तो भूगर्भातील प्रवाहाच्या गणिती प्रतिमानातूनच काढावा लागतो. या शास्त्राचा पाया हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली, दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने वाळूतून पाणी झिरपवून घातला. तेल खडकाच्या सूक्ष्म छिद्रांतून दाबाच्या फरकामुळे सरकते. उभ्या विहिरीत हा फरक तोंडापाशी एकवटतो. मग उपसा जोरात केला की खालचे पाणी सुळक्यासारखे वर चढते, वरचा वायू खाली उतरतो आणि तेल मागेच राहते.

आडवी विहीर हा त्यावरचा उपाय. नॉर्वेच्या ट्रोल क्षेत्रात वर वायू, खाली पाणी आणि मध्ये काही भागांत अवघा ११ ते १३ मीटरचा तेलाचा थर. उभ्या विहिरींनी तो परवडला नसता. आडव्या विहिरींमुळे १९९५ पासून तेथे तेल मिळू लागले. परंतु लांबलचक नळीत घर्षण असते. त्यामुळे अलीकडचे टोक अधिक ओढते, पलीकडचे उपाशी राहते, आणि पाणी वा वायू अलीकडेच आधी शिरतो. म्हणून नळीवर टप्प्याटप्प्याने प्रवाह आवरणारी छोटी साधने बसविण्यात आली. खडकातील आणि नळीतील प्रवाह एकत्र मांडल्याखेरीज त्यांचा हिशेब जमत नाही.

मुंबई हायचा खडक थराथरांचा चुनखडीचा आणि वर वायूची टोपी असलेला. तेथे हे गणित अधिकच अवघड. प्रतिमान मागील दाब-उत्पादनाच्या नोंदींशी जुळवून घेतात खरे, पण त्याच नोंदींशी जुळणारी अनेक प्रतिमाने संभवतात आणि त्यांची भाकिते मात्र भिन्न असतात. घसरण तीव्र धरली तर महामंडळाच्याच जुन्या विहिरींचे तेल ‘वाढीव’ ठरेल. ती सौम्य धरली तर कंपनीला कष्ट घेण्याचे कारणच उरणार नाही. तांत्रिक वाटणारी ही रेषा वास्तविक सार्वजनिक पैशाची वाटणी करते. महामंडळाचे बहुसंख्य भागभांडवल केंद्र सरकारचे आहे. तेव्हा ती रेषा कोणत्या गृहीतांवर आखली, हे संसदेपुढे ठेवण्यास व्यापारी गुपिताची सबब पुरेशी मानता येणार नाही.